खाणीच्या फोनमधली घरघर

वार्ताहराकडे किस्से साचतात, कारण ते कुणी छापत नाही. चांद्याजवळच्या एका कोळसा खाणीची बातमी मी संपादकांना तीनदा पाठवली. तिन्ही वेळा एकच उत्तर: "कुणी दगावलं का? मग कळवा."

*

माणसांना खाणीत वर-खाली नेणारा पाळणा ओढायचा की थांबवायचा, हे खालचा माणूस फोनवर सांगे. पण फोनमध्ये इतकी घरघर की 'थांबा' ऐकूच येईना. एकदा एका मजुराचा एक पाय आत, एक बाहेर, आणि पाळणा सुटला. मॅनेजरनं चौकशीत लिहिलं, "नुकसान: चप्पल, एक."

*

वायरमन नामदेवभाऊ सांगून थकला होता. "साहेब, ट्रान्सफॉर्मर अन् फोन, दोघाईची अर्थिंगची तार एकाच खड्ड्यात हाये. याची घरघर त्याच्या कानात जाते. फोनले येगळा खड्डा द्या, दूर, ओल्या जागी."

मॅनेजर म्हणाला, "पृथ्वी एकच आहे. खड्डे दोन कशाला?"

हा माणूस इंजिनिअर होता.

*

उन्हाळ्यात खड्डा सुकला की घरघर आणखी वाढे. म्हणून जंगलातल्या गावची सोनाबाई रोज दुपारी ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाचं लोखंडी फाटक उघडून खड्ड्यात दोन घागरी पाणी ओती. ओले हात, अनवाणी पाय. मी विचारलं, "येताना वाघाची भीती वाटत नाही?"

"वाघ दिसते तरी, भाऊ. या डब्यातलं काईच दिसत नाई."

*

एका दुपारी मॅनेजरनं मला बोलावून फोन माझ्या कानाला लावला. घरघर गायब. खालच्या माणसाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"आता हे छापा," मॅनेजर म्हणाला.

नामदेवभाऊनं फोन दुरुस्त करणाऱ्या बाबूला विचारलं, "काय केलं तुमी?"

"सोपं होतं. ट्रान्सफॉर्मरची तार खड्ड्यातून काढून टाकली."

नामदेवभाऊ तसाच कुंपणाकडे वळला. गळती झाली तर करंट त्या तारेतून जमिनीत जायचा. आता तो ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत आणि तिला तारेनं जोडलेल्या फाटकातच राहणार होता. आणि सोनाबाईची वेळ झाली होती.

आम्ही धावलो. "बाई, हात नोको लावू," नामदेवभाऊ ओरडत होता.

सोनाबाई मोहाच्या झाडाखाली बसली होती. शेजारी घागर, भरलेली. नामदेवभाऊनं टेस्ट लॅम्पचं एक टोक फाटकाला आणि दुसरं खड्ड्यातल्या पाइपाला लावलं. बल्ब लख्ख पेटला.

"तुले कोनं सांगितलं?" त्यानं विचारलं.

तिनं लांब उभ्या कुत्र्याकडे बोट केलं. "तो रोज फाटकाले पाठ लावून चिखलात लोळते. आज दुरूनच गुरगुरून राह्यला. मंग मी काऊन जाऊ?"