शंभर माणसांचा चहा

मी, नाथाजी, फौजेत चोवीस वर्षं लंगरात होतो. लंगर म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर. फलटण तालुक्यातल्या आमच्या गावात मी सीमेवर काय केलं हे कुणी खोदून विचारत नाही आणि मीही होऊन सांगत नाही. चहाविषयी मात्र न विचारता सांगतो.

म्हणून बायकोच्या, शालूच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि "आटपाडीसनं रंगूला बोलावू का?" असं तिनं विचारलं, तेव्हा मला तो अपमान वाटला. रंगू माझी मेहुणी. ती आली की चपला कुठं काढायच्या हेही मला माझ्याच घरात विचारावं लागतं.

"तुझं चहापाणी मी बघतो," मी म्हणालो.

"तीन दिस बघा. न्हाई जमलं तर फोन करते."

पहिल्या दिवशी कळलं की मला फक्त शंभर माणसांचा चहा येतो. पावडर हातानं टाकली ती सवयीनं. चहा काळा झाला म्हणून दूध, दूध जास्त झालं म्हणून पाणी, मग साखर. शेवटी चौदा कप भरले. शेजारच्या मानसिंगला हाक मारली, त्यानं वाटेवरचे आणखी चौघे आणले. सगळ्यांनी वाहवा केली. शालूचा कप तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी आलं घातलं. नऊ कप झाले. तो चहाही तिनं बाजूला सारला.

तिसऱ्या दिवशी औषधाच्या झाकणानं पावडर मोजली, परसातला गवती चहा घातला. दोनच कप, तांबूस, घट्ट. मी स्वतःवरच खूश झालो. शालूनं कपाला हात लावला नाही. उशाचा फोन घेतला.

"आता काय कमी पडलं गं?"

"काय बी न्हाई. आवं, मी चहा पीत न्हाई. सोनमच्या वेळंपासनं पित्त हुतंय. मी कॉफी पिते."

सोनम आमची मुलगी. शिरवळला कंपनीत कामाला आहे, सव्वीस वर्षांची. मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली, आणि रोज सकाळी शालू कप घेऊन माझ्या समोर बसते. लंगरात कुणाला बिनसाखरेचा लागतो, कुणाला कडक, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. समोरच्या या एका कपात मात्र कधी डोकावलो नाही.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमीच चहावर बोलत व्हता की. तीन दिस वाट बघितली, इचारताय का ते."

लाज वाटली, लपवत नाही. "कर रंगूला फोन," मी म्हणालो.

"करते. आदी डाळीच्या डब्यामागची कॉफीची पुडी काढा."

कॉफी मी नोकरीत कधीच केली नव्हती, त्यामुळं तिचं शंभर माणसांचं माप हाताला नव्हतं. शालूला विचारत विचारत केली. दूध किती, साखर किती, उकळायची का. बरोबर एक कप झाली.

तिनं ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली आणि फोन उशीखाली सारला.