मांडीच्या चरबीचं बूच

दोन हजार तेवीस साल. मला एकोणसत्तरावं चालू होतं. नाकाच्या मुळाशी, मेंदूखाली गाठ झाली होती. नाशकात द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात नाकातूनच हत्यारं घालून ती काढली. आत भोक पडलं, त्याला माझ्याच मांडीची चरबी कापून बूच मारलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दम भरला, "बाबा, मेंदूभोवती पाणी असतं. बूच सरकलं तर ते नाकातून गळेल, आणि त्याच वाटेनं रोग मेंदूत शिरेल. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जोर लावायचा नाही. शिंक आलीच तर दाबू नका, तोंड उघडून द्या."

"वाकणं मला आधीपासूनच येत नाय," मी म्हटलं.

चौथी नापास माणूस मी, पण दिंडोरीकडच्या आमच्या शिवारात माझी काठी सगळ्यांना ठाऊक होती. आता काठी कोपऱ्यात, आणि मी ओट्यावर खाटेवर, उशांना टेकवून ठेवलेला.

कुंपणापलीकडं धाकट्या भावाची द्राक्षबाग. आमचं बोलणं बंद. त्या दिवशी वारा आमच्याकडं होता आणि त्यानं नेमकं वेलींवरच्या भुरी रोगासाठी मशीननं गंधक धुरळायला घेतलं. पिवळा ढग थेट ओट्यावर. नाकात मुंग्या आल्या. मी तोंड फाडून म्हशीसारखा शिंकलो. पुन्हा शिंकलो. कपाळात पहार बसावी तसं झालं.

बायको कुंपणाशी धावली. "भावजी, मशीन बंद करा! यांना शिंक चालत नाय!"

"वयनी, त्याच्या नाकातून डॉक्टर मेंदूपर्यंत गेले म्हणे," तो हसत ओरडला. "सापडला का तिथं काही? का घर रिकामंच?"

मी काठी घेतली. कुंपण ओलांडलं. पहिला तडाखा त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि खरं सांगतो, लय बरं वाटलं. दुसरा मनगटावर. त्यानं चांगल्या हातानं काठी हिसकून फेकली आणि माझ्या बरगडीत लाथ घातली. मी दगड उचलायला वाकणार, तोच मागून माझ्या मुलानं दोन्ही हातांनी माझं कपाळ धरून वर ओढलं, मारक्या बैलाची शिंगं धरावीत तसं.

"मारा त्याला, पण वाकू नका!"

"सोड, हरामखोरा!" मी कोपर हाणलं. त्याचा ओठ फुटला, रक्त माझ्या मानेवर उडालं.

"दगड पाहिजे? मी देतो उचलून. तुम्ही वाकू नका, बाबा!"

मी पुन्हा हाणलं. त्याचा दात हलला, पण हात सुटले नाहीत. तेवढ्यात मिशीवर एक थेंब आला. जीभ फिरवली. खारट. रक्त नाही, शेंबूड नाही, पातळ पाणी. उगारलेलं कोपर मी खाली घेतलं.

भावानं तोवर दगड उचलला होता. तो थांबला. "काय गळतंय रे त्याच्या नाकातून?"

"मेंदूभोवतीचं पाणी, काका," मुलगा म्हणाला. त्यानं दगड टाकला आणि पिकअपची चावी माझ्या मुलाकडं फेकली.

नाशकापर्यंत मोडक्या खांद्याचा तो माझ्या शेजारी बसला, चांगल्या हातानं माझं डोकं सीटला दाबून. "हलू नको, म्हसोबा. मेलास तर लोक म्हणतील मी मारला."

"तुझ्याच्यानं व्हायचं नाय ते," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी नाकात दिवा घालून पाहिलं आणि मला डोकं उंच करून निपचित पाडलं. म्हणाल्या, "बूच जरा हललंय. निजून राहिलात तर आपोआप बसेलही. उद्या वाकवून बघू. गळलं तर पुन्हा कापावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्टीलचं भांडं घेऊन आल्या. "बसा बाबा. हनुवटी छातीला लावा आणि खाली वाका."

भाऊ पायथ्याशी उभा होता, हात झोळीत.

"आधी त्याला बाहेर काढा."

"का हो?"

"धाकट्यापुढं मी वाकत नाय."

"मी भिंतीकडं तोंड करतो," भाऊ म्हणाला.

"बाहेर."

तो शिव्या देत गेला. दार लागल्यावर मी वाकलो. जन्मात कुणापुढं वाकलो नव्हतो तेवढा त्या भांड्यावर वाकलो आणि श्वास धरून बघत राहिलो.

भांडं कोरडंच राहिलं.

मग सरळ बसलो, मिशी पुसली आणि बाईंना म्हटलं, "घ्या आता त्याला आत. त्याचा एक खांदा अजून शाबूत हाय."