अनूचा निर्णय मी घेतला

ईशा, निनाद,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला, म्हणजे तुमच्या आईला, तर मुळीच नाही.

आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. तुम्हाला वाचायला सोपं जावं म्हणून. तीन पानं झाली. वाचून पाहिली तर छान वाटली. इतकी छान की लिहिणारी बाई फार सोसलेली, फार समजूतदार वाटत होती. मी ती फाडली. इंग्रजी मी एकतीस वर्षं शिकवलं, त्या भाषेत मला स्वतःला झाकायची सवय आहे.

तुमची आई विद्यापीठात काय करते ते तुम्हाला माहीत आहे. प्रश्नावल्या तयार करते, हजारो लोकांनी भरलेली उत्तरं तपासते, त्यावर लेख लिहिते. मानसशास्त्रातली डॉक्टरेट आहे तिची. पण समोर माणूस बसवून त्याचं दुःख ती ऐकत नाही. तुम्ही कधी विचारलंत तर म्हणते, "माणसांचं काम मला जमत नाही." — हे खोटं आहे. तिला ते जमत होतं. ते जमत नाही असं तिला कुणी पटवलं, ते सांगायला बसले आहे.

तेव्हा आम्ही खांदा कॉलनीत राहत होतो. अनू, म्हणजे तुमची आई, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि दर बुधवारी पनवेलच्या एस.टी. स्टँडजवळच्या एका लहानशा समुपदेशन केंद्रात कामाला जायची. वर एक अनुभवी डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्या देखरेखीखाली. त्याच वर्षी तिने अमेरिकेत अर्ज केले आणि दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक पीएच.डी.चं — संशोधन, प्रबंध, पुढे प्राध्यापकी. दुसरं साय.डी.चं. तीही डॉक्टरेटच, पण ती रुग्णांसमोर बसून, उपचार करत शिकायची. एप्रिलच्या मध्यापर्यंत एकाला हो आणि दुसऱ्याला नाही कळवायचं होतं. अनूचा कल दुसरीकडे होता. "आई, मला माणसांसमोर बसायचंय. आकड्यांसमोर नाही."

मला ते नको होतं. का? खरं सांगते, मला किळस यायची. बुधवारी ती घरी आली की मी तिला आधी हातपाय धुवायला लावायची. जणू त्या लोकांचं काही अंगाला लागून येतं. आणि शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना "मुलगी वेड्यांची डॉक्टर होणार" असं सांगायची कल्पनाच सहन होत नव्हती. "संशोधन करते" हे कसं स्वच्छ वाटतं. कडक इस्त्रीच्या साडीसारखं.

आमच्याकडे हिराबाई मासळी घेऊन यायच्या. उरणकडच्या. बारा-तेरा वर्षांचा परिचय. त्यांची मुलगी ज्योती तेव्हा बाळंत होऊन पाच-सहा महिने झाले होते. एकदा दारात टोपली उतरवताना त्या अनूला म्हणाल्या, "ताय, माझी पोर बाळाला हात लावत नाय गो. झोप नाय, जेवन नाय. भगताकडं नेली, काय फरक नाय. तू त्या हापिसात बसतेस, बघशील काय?"

अनूने त्यांना बुधवारी यायला सांगितलं. त्या आल्या. नंतरही येत राहिल्या. ज्योती हळूहळू बाळाला मांडीवर घ्यायला लागली. हिराबाई मला म्हणायच्या, "बाय, तुमची पोर देवमानूस हाय," आणि वाट्यावर दोन कोळंब्या जास्त टाकायच्या.

आता अनूच्या केंद्रातल्या कामाच्या फाईलबद्दल. अनूला प्रत्येक रुग्णाची हकीकत इंग्रजीत लिहून द्यावी लागायची. खरं नाव कुठेच नसायचं. इंग्रजी तपासायला मात्र ती कागद माझ्याकडे द्यायची, आणि मी लाल पेनने दुरुस्त करायची. हा आमचा नेहमीचा शिरस्ता. ते कागद मला देणं नियमात बसत नाही हे तिला ठाऊक होतं. पण मी आई होते ना — आणि शाळेतली बाई होते. माझ्या हातात गेलेलं काही बाहेर जाईल असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

ज्योतीची हकीकत मी अशीच वाचली; नाव नसलं तरी ती कुणाची हे उघड होतं. तिच्या डोक्यात सारखा एक विचार यायचा, की विळी किंवा सुरी हातात आली तर आपण बाळाला मारू. म्हणून ती बाळाजवळ जात नव्हती. पुढे अनूने लिहिलं होतं, की असा विचार ज्या बायकांना छळतो त्या बाळाला इजा करत नाहीत; बाळावर जीव असतो म्हणूनच त्या विचाराची त्यांना एवढी भीती वाटते; आणि अशा आईपासून बाळ दूर करणं हे सगळ्यात वाईट. या शेवटच्या वाक्यातलं एक शब्दयोगी अव्यय चुकलं होतं. ते मी सुधारलं. म्हणजे मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

चैत्रातलं हळदीकुंकू होतं आमच्याकडे. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. बायका बोलत होत्या. शेजारच्या देसाईबाईंनी विचारलं, "काय मग, अनूचं कुठलं ठरलं?" मी म्हटलं, "अहो, कसलं ठरतंय. काय काय ऐकावं लागतं पोरीला! आता ही आपली हिराबाई —" आणि सांगून टाकलं. पोटच्या पोराला मारावंसं वाटतं हो तिच्या मुलीला.

पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते तोंडातून निघून गेलं. बायकांत बसलं की जातं. पण जिच्या तोंडातून काही निघून जातं अशी बाई मला कुणीच म्हणणार नाही. माझ्या वर्गात खडूसुद्धा मोजून ठेवलेले असायचे. मी नाव घेतलं. आजाराबद्दल पुढचं जे लिहिलं होतं ते सांगितलं नाही. आणि देसाईबाईंकडे भांडी घासायला येणारी बाई ज्योतीच्या सासरच्या गावची आहे, त्या दिवशी ती आमच्याकडे मदतीला येऊन आत पन्ह्याचे पेले विसळत होती, आणि मधलं दार उघडं होतं — हे मला माहीत होतं. मी आवाज खाली केला नाही.

काय होईल असं वाटलं होतं मला? ज्योती यायची बंद होईल, अनूची फजिती होईल, ती नाद सोडेल. एवढंच. एवढंच म्हणताना लाज वाटत नाही बघा.

आठ दिवसांत हिराबाई आल्या. टोपली नव्हती. ज्योतीच्या सासरच्यांनी बाळ काढून घेतलं होतं आणि तिला माहेरी आणून सोडलं होतं. पोरखाऊ म्हणाले होते तिला. हिराबाई ओरडल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून अनूला म्हणाल्या, "आमी तुला सांगलेला गो ताय. दुसऱ्या कुनाला नाय सांगला."

अनू दाराशी धावली. "मावशी, मी नाही हो बोलले कुणाला." हिराबाई मान हलवत जिना उतरून गेल्या. मी ओट्याशी होते. हातात गवारीची शेंग होती, तिचे मी तुकडे करत राहिले.

तुम्हाला वाटेल अनूने माझ्याकडे संशयाने पाहिलं असेल. नाही पाहिलं. तिने पिशवी पालथी केली, कागद मोजले, आपण कुठे कुणाशी बोललो ते आठवत बसली. मला विचारलंसुद्धा नाही. तेव्हा मीच तिला आठवण करून दिली. महिन्याभरापूर्वी ती फाईल रिक्षात विसरली होती, दोन मिनिटांत रिक्षावाल्याने हाक मारून परत दिली होती. मी म्हटलं, "अगं, त्या दिवशी रिक्षात राहिली होती ना? ओळखीचा असेल कुणी त्यांच्या." इंग्रजीतली फाईल, नाव नसलेली, दोन मिनिटं. कोण वाचणार होतं? पण ती इतकी घाबरलेली होती की तिला ते पटलं. मग मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "हे काम फार जबाबदारीचं असतं, अनू. सगळ्यांना झेपत नाही."

पाठीवरून हात फिरवत. ते आठवलं की अजून मला माझ्या हाताची शिसारी येते.

चार दिवसांनी तिने साय.डी.च्या लोकांना नकार लिहिला. दोन ओळींचा. मला दाखवला. मी तपासून दिला.

ज्योतीचं बाळ तिला वर्षभराने परत मिळालं, पंचांच्या मध्यस्थीने. तोवर ते आजीला आई म्हणायला लागलं होतं, हिच्याजवळ जायला रडायचं. हे हिराबाईंनी मला सांगितलं, जिताडा कापता कापता. माझ्याकडे येणं त्यांनी बंद केलं नव्हतं. राग त्यांचा अनूवर होता, आणि अनू तर अमेरिकेला निघून गेली होती. मी "अरेरे" म्हटलं आणि तुकडे जरा लहान करायला सांगितले.

सोळा वर्षांची होशील आता तू, ईशा. निनाद चौदाचा. मी आत्ता का लिहिते आहे? गेल्या दिवाळीत तुमच्या आईचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं, मग ती एकदम म्हणाली, "आई, त्या वेळी तू मला सांभाळलंस. मी त्या लाईनीत गेले असते तर अजून कुणाकुणाची घरं मोडली असती."

तेव्हा सांगता आलं असतं. दुसरं कुणी घरात नव्हतं, वेळ भरपूर होता. पण तिचा आवाज फार मायेचा होता, आणि मला तो ऐकत राहायचा होता. मी म्हटलं, "मी आई आहे तुझी. सांभाळणारच."