आकाशगंगेतल्या तलाठ्यांची संख्या

बीडच्या ज्या अभ्यासिकेत मी ऐन उमेदीची सहा वर्षं घालवली, तिच्यावर पत्रे होते. दुपारी ते असे तापायचे की पुस्तकातलं अक्षर डोक्यात शिरायचं नाही. त्या वेळात आम्ही दोघं एका खोट्या राज्याचा आकार मोजत बसायचो. हे आज सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

दुसरा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र. कडा गावचा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, हुशार आणि भयंकर चिवट. दोघंही तलाठी भरतीच्या मागे लागलेलो. जिल्हा एकच, प्रवर्गही एकच. म्हणजे सोबती होतो तसे एकमेकांच्या वाटेतले धोंडेही होतो. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. त्यातून त्या वर्षीची परीक्षा त्याची शेवटची होती. पुढच्या भरतीला तो वयात बसणार नव्हता.

राज्य होतं एका परदेशी कादंबरीमालेतलं, अख्ख्या आकाशगंगेवर पसरलेलं. सातही पुस्तकं माझ्या मोबाइलमध्ये होती. या राज्यात ग्रह किती, यावरून त्या मालेचे चाहते इंटरनेटवर हमरीतुमरीवर यायचे, कारण लेखकानं आकडा कुठंच सरळ दिलेला नाही. नियम एकच होता: मूळ पुस्तकांत छापलंय तेवढाच पुरावा, चाहत्यांनी मागाहून रचलेलं चालणार नाही. मी हे गंमत म्हणून सांगितलं. त्यानं वही काढली.

"राज्य हाय म्हंजे वसुली हाय. वसुली हाय म्हंजे तलाठी हायच की. गाव म्हंजे ग्रह. तलाठी मोज, राज्य मोजून झालं, बे!"

बाकीच्यांनी तारे मोजले, जहाजं मोजली, सैनिक मोजले. आमच्या पठ्ठ्यानं पदं मोजली. वर्षानुवर्षं पदांच्या जाहिरातींवर डोळे लावून बसलेल्या माणसाला राज्यात दुसरं काय दिसणार? दुसऱ्या पुस्तकात एका सुभ्यातले झाडून सारे वसुली अधिकारी दरबारात बसल्याचं वर्णन आहे. रांगा किती, रांगेत आसनं किती, हे लेखकानं दिलंय. सुभे हजार, हे पहिल्याच पुस्तकात सेनापतीच्या तोंडी येतं. यानं गुणाकार केला, पान क्रमांकांसकट मांडणी केली आणि मी ती इंटरनेटवर टाकली. तिसऱ्या दिवशी कुण्या परक्या माणसानं पाचव्या पुस्तकातलं एक वाक्य आमच्या तोंडावर फेकलं. त्या वाक्याच्या हिशेबानं आमचा आकडा खऱ्याच्या निम्म्याच्याही खाली होता.

दोन दिवस तो धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी टेबलावर थाप मारून उठला.

"आपण येड्यावानी सगळी पदं भरलेली धरली की! आपल्याकडं एका तलाठ्याच्या गळ्यात तीन-तीन सज्जे, म्हंजे धा-धा गावं, अस्त्यात. तिथं कावून नसतील? सहाव्या पुस्तकातला त्यो अधिकारी सारखा जहाजात बसून ह्या ग्रहावरून त्या ग्रहावर का पळतुया? अरे, त्याच्याकडं अतिरिक्त कार्यभार हाय!"

आम्ही इतके हसलो की अभ्यासिकेचा मालक बाहेरून ओरडला. माझ्या मित्राच्या चेहऱ्यावर तेवढा आनंद मी पुन्हा पाहिला नाही.

परीक्षेला तेव्हा दोन महिने होते. रिकाम्या पदांच्या खुणा शोधायला त्यानं सातही पुस्तकं पुन्हा पहिल्यापासून काढली. मी रोज सकाळी विचारायचो, "काल कुठवर आलास?" तो वही उघडून भरभरून सांगायचा. मी मान डोलवायचो आणि माझी सराव प्रश्नपत्रिका सोडवायला घ्यायचो. माझी गंमत एव्हाना सरली होती. त्याची सरली नव्हती, आणि ती सरू नये याची काळजी मी घेत होतो. कुठलं पान नीट बघ, कुठली शंका अजून राहिली, हे मीच त्याला सुचवायचो.

एका रविवारी आम्ही बीडजवळच्या पालीच्या धरणावर गेलतो. पाणी पार तळाला गेलेलं. तिकडं बघत तो म्हणाला, "माझा अभ्यासच होईना, गड्या. लई वाहवत चाललोय मी. तू सांग, बंद करू का हे?"

थांब, एवढा एक शब्द पुरला असता. तो माझं ऐकायचा. वही तिथंच मिटली असती. मी म्हणालो, "आता एकच पुस्तक तर राहिलंय. तेवढं बघून टाक."

तो सुटल्यासारखा हसला आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

निकाल लागला तेव्हा निवड यादीत माझं नाव खालून तिसरं होतं. तो थोडक्या गुणांनी राहिला. पेढे त्यानंच आणले. माझ्या आईला नमस्कार करून म्हणाला, "काकू, दोघांतल्या एकाचं झालं, बास झालं." आईच्या डोळ्याला पाणी आलं. मी पेढा तोंडात धरून उभा होतो. तो गिळताना मला स्वतःची किळस आली.

आता तो पुण्याकडं एका कारखान्याच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या तपासतो. बारा तास उभं राहायचं काम. लग्न राहून गेलं ते गेलंच. सणासुदीला न चुकता फोन करतो, माझ्या पोरीची चौकशी करतो, आणि दर वेळी फोन ठेवताना म्हणतो, "त्या वर्षी तू सोबत होतास म्हणून निभलं बे. न्हाईतर मी येडा झालो असतो."

मी नुसतं हं म्हणतो. त्याला खरं सांगायची हिंमत मला आजवर झालेली नाही, आणि आता सांगून त्याचं वय काही कमी होणार नाही.