धुऊन टाकलेली कॉफी

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी अक्कांसाठीच फिल्टरमध्ये कॉफीची पूड दाबत होते. मुलाने फोन ऐकला आणि अक्का गेल्याचं सांगितलं. मी पुडीवर उकळतं पाणी ओतलं, झाकण लावलं आणि मगच खाली बसले. अक्का, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, नव्वदी ओलांडून गेल्या. तक्रारीला जागा नव्हती, तरी रडू आलंच.

पन्नासच्या दशकाच्या शेवटी मी बेळगावहून लग्न होऊन बंगळूरला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ही नणंद कोपरापर्यंत काळे हात घेऊन घरात शिरली. मला वाटलं, चुलीवरची भांडी घासून आली. ती अक्का काम करत त्या प्रयोगशाळेतली काजळी होती. तिथे फिरत्या पिंपावर काजळी धरलेला कागद गुंडाळत. औषधी पाण्यात टांगलेला आतड्याचा तुकडा आखडला किंवा सैलावला, की त्याला बांधलेली काडी त्या काजळीत रेघ ओढी. अक्का त्या पाण्यात बकऱ्याच्या मेंदूचा अर्क टाकत. ज्या दिवशी खाटकाकडून मेंदू आणलेला असे, त्या दिवशी सासूबाई त्यांना परसातल्या नळावर अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसत. अक्कांचं म्हणणं साधं होतं. मेंदूतल्या पेशी रसायनांनी निरोप धाडतात, तर तो घ्यायला समोर कुणीतरी हवंच. त्या घेणाऱ्याला रिसेप्टर म्हणत. तो कुणी पाहिलेला नव्हता. सोबतचे पुरुष चेष्टा करत, की बाईंनी मेंदूत टपालपेटी बसवली. ती सिद्ध करण्यापायी अक्कांनी आलेली दोन स्थळं परतवली होती.

अर्क टाकला की तुकडा सैल पडे. रेघ खाली येई. पण अधूनमधून एखाद्या दिवशी तोच अर्क टाकूनही तुकडा ढिम्म हलत नसे. अक्का वैतागून जात. कधी पाणी बदललं, कधी खाटीक बदलला. शेवटी कारण सापडलं ते माझ्याच चुलीपाशी. मी रोज बाटलीतून दिलेलं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधली दाट काळी कॉफी, अक्का प्रयोगशाळेतल्याच काचेच्या चंबूत ओतून गरम करत, चंबू नुसता विसळत आणि कामाच्या गडबडीत कधी त्याच चंबूत प्रयोगाचं पाणी भरत. त्या दिवशी घरी येऊन म्हणाल्या, "सुधा, उद्यापासून डिकॉक्शन नको. माझी कॉफीच सगळं बिघडवते."

सगळी काचेची भांडी घासून लख्ख झाली. बिघडलेल्या दिवसांचे कागद बंबात गेले. अक्कांनी घरातलीही कॉफी सोडली. हट्टी बाई, शिक्षा करायची तर पुरती.

पुढे कित्येक वर्षांनी, केस पिकल्यावर, त्या एक परदेशी नियतकालिक घेऊन स्वयंपाकघरात आल्या. मेंदू शांत करणाऱ्या एका रसायनाचा रिसेप्टर असतो आणि कॉफीतला अंश नेमका तोच अडवून धरतो, म्हणून कॉफीने झोप उडते, असं तिकडे कुणी दाखवलं होतं. मला समजायला वेळ लागला. म्हणजे अक्कांच्या अर्कात तेच रसायन होतं, आणि ते बिघडलेले दिवस...

"तेच खरे होते गं," अक्का म्हणाल्या. "कॉफीने तोंड बुजवलं, म्हणजे टपालपेटी समोर होती. मी ती घासून धुतली."

माझा जीव तुटला. त्या मात्र पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "स्वल्प कॉफी दे. दाट."

तेव्हापासून रोज दोन वेळा कॉफी आणि तळाशी थेंबभर शिल्लक. पेला उचलायला गेलं की म्हणायच्या, "थांब, धुण्याआधी बघावं." वाळलेला तो थर खिडकीकडे धरून बघत, मग पेला देत. घरात सगळे हसायचे. मीही हसायची.

दवाखान्यात नेलं त्या सकाळी असाच पितळी पेला त्यांच्या खिडकीत राहिला होता. दिवस झाले, खोली पुसली, गाद्या उन्हात घातल्या, कपडे वाटले. सूनबाई पेला घासायला नेत होती. मी म्हटलं, थांब. खिडकीकडे धरून पाहिला. मला त्यात काय दिसणार! तळाला तपकिरी कडं होतं, इतकंच. पेला मी होता तिथे ठेवला, अजून धुतलेला नाही.