जमिनीवर न दुखणारी दाढ

हालवार, आधी एवढं कबूल कर की तुझी दाढ दुखते. जमिनीवर दुखत नाही, ठाऊक आहे मला.

मासळीच्या कारखान्यात चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलीस. कुठलं चाक कुठे घासतंय ते नुसत्या कानानं ओळखायचास, आणि स्वतःच्या तोंडातला बिघाड तुला कळेना. नॉर्वेच्या या टोकावरचं आपलं बॉट्सफ्योर गाव, इथलं विमान गावोगाव थांबत जाणारं. ट्रोम्सो येईपर्यंत चारदा चढतं, चारदा उतरतं. दर चढणीला तू रुमाल चावायचास आणि शेजारच्याला सांगायचास, "हवा बरी आहे आज."

मी तुला कागदावर काढून दाखवलं होतं. दाढेत भरलेल्या जुन्या चांदीखाली हवा अडकलीय. विमान वर गेलं की भोवतालचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते आणि नसेवर चढून बसते. तू म्हणालास, "मास्तरीणबाई, एवढीशी हवा काय करणार?" जशी काही ती तुझी परवानगी काढून फुगणार होती.

फेब्रुवारीत फिरतीवरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई गावात आल्या. तुला खुर्चीत बसवून त्यांनी विचारलं, "आत्ता दुखतंय?"

"नाही."

"थंड लागलं की?"

"नाही."

झालं, दिलं घरी पाठवून. मी बाहेर बाकावरच होते.

"विमानाचं सांगितलंस?"

"त्यांनी विमानाचं विचारलंच नाही."

"अरे, त्यांना काय स्वप्न पडणार होतं?"

"विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. उगाच रडगाणं कशाला?"

आपल्याकडे न विचारता वादळावर बोलतात, दुखण्यावर नाही, हे खरं. पण तू ते फारच मनावर घेतलंस.

मग मे महिन्यात बूडोच्या चर्चमध्ये तुझ्या नातीचं, सुन्निवाचं कन्फर्मेशन, म्हणजे वयात आलेल्या पोरांचा धर्मदीक्षेचा सोहळा, आलं. जेवणाच्या वेळी आजोबांचं भाषण. तीन आठवडे खपून ते लिहिलंस, मला चारदा ऐकवलंस. आदल्या दिवशी सूट चढवून विमानात बसलास आणि पहिल्याच थांब्याला, बर्लेवॉगला, गाल धरून उतरलास तो परत चढलाच नाहीस. बोटीनं वेळेत पोचणं शक्य नव्हतं. लेकीला, एल्सेबेतला, कळवलंस काय, तर "अडचण आली." रात्री तिनं मला फोन केला. "पोरीनं आजोबांची खुर्ची कुणाला देऊ दिली नाही. बाबांना यायचंच नव्हतं का?"

परत आल्यावर तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलास आणि आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलंस. "तू चल माझ्याबरोबर. तूच सांग डॉक्टरीणबाईंना, विमान वर गेलं की दुखतं म्हणून."

"चलेन की," मी म्हणाले.

जूनमध्ये बाई आल्या, दोन दिवस राहिल्या, गेल्या. तू हाक मारशील म्हणून मी कोट घालून खिडकीशी बसले. मी निघेन म्हणून तू बूट घालून समोर तुझ्या घराच्या पायरीवर. दोघं एकमेकांना चांगले दिसत होतो. एकदा तर तू हातही केलास.

एल्सेबेतनं तुला नाताळला बोलावलंय, म्हणजे पुन्हा विमान. बाईंना अजून कुणी काही सांगितलेलं नाही.