बारा इंच वर

अख्ख्या टेक्ससने आपल्याकडे मान वर करून बघावं, अशी जिद्द बाळगणारी पाच फुटांच्या आतली एकच बाई मला माहीत आहे. ती माझ्या बायकोची मावशी.

अर्विंगमध्ये त्या आमच्या मागच्याच रस्त्यावर राहतात. एका बँकेच्या कॉम्प्युटर खात्यातून रिटायर झाल्या आहेत, पण विरोधातून रिटायर व्हायचा त्यांचा विचार नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्याजणी काळ्या साड्यांत येणार हे कळल्यावर त्या पिवळीधमक नेसून गेल्या. फोनमधली बाई 'डावीकडे वळा' म्हणाली की मावशी उजवीकडे वळतात. "ही मला रस्ते शिकवणार? हिच्या आधीपासून राहतेय मी इथं!"

अशा बाईच्या छोट्या गाडीमागे एकदा हायवेवर एक धिप्पाड पिकअप ट्रक येऊन चिकटला. भोंगा वाजवत पुढे जाताना त्यातला माणूस ओरडला, "ग्रँडमा, गेट अ बिगर कार!" दुसऱ्या कुणी हा अपमान समजला असता. मावशींनी तो सल्ला समजून आठवड्याभरात एक जुना पिकअप दारात आणून उभा केला. पण सिग्नलला शेजारी उभे राहणारे ट्रक तरीही उंचच. मग लांब स्प्रिंगा घालून गाडी वर उचलायचं ठरलं. इथे त्याला 'लिफ्ट' म्हणतात.

"सहा इंच पुरे, मॅम," गॅरेजवाला म्हणाला.

"ट्वेल्व्ह," मावशी म्हणाल्या.

त्याने हात जोडले, म्हणून मावशींनी सगळं सामान घरी मागवलं आणि मला कामाला जुंपलं.

"एवढ्या उंच तुम्ही चढणार कशा?" मी विचारलं.

"ते माझं मी बघीन, जावईबापू. तुम्ही जॅक धरा."

स्प्रिंगा बसल्या तर ब्रेकच्या नळ्या तारेसारख्या ताणल्या. लांब नळ्या आणल्या तर मागच्या चाकांना फिरवणारा दांडा आखूड पडला. तो बदलला आणि नवी थोराड चाकं चढवली, तर वळताना ती मडगार्डला घासायला लागली. शनिवारी एक दुखणं बरं करावं, रविवारी दोन नवी उपटावीत. शेवटी माझी बायको वैतागून म्हणाली, "मावशी, कॅन्सल कर ना हे सगळं!"

"तुझ्या लग्नात मांडव कोसळला होता," मावशी पान्याने नट आवळत म्हणाल्या. "लग्न कॅन्सल केलं का आपण?"

शेवटी त्याच गॅरेजवाल्याने गाडीखाली झोपून सगळं तपासलं आणि मान हलवत 'ओके' दिला. गाडी घरच्या गॅरेजात मावेना, तेव्हा मावशींनी गॅरेजात लोणच्याच्या बरण्या मांडल्या. चढण्यासाठी प्लास्टिकच्या स्टुलाला परकराची नाडी बांधली. स्टुलावरून सीटवर जायचं आणि विहिरीतून बादली काढावी तसं स्टूल वर ओढून घ्यायचं. पहिल्या दिवशी त्या कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी गावभर फिरून आल्या. वाण्याच्या दुकानासमोरची पोरं फोन काढून फोटो घेत होती आणि मावशी वरून एखाद्या मिरवणुकीतल्यासारखा हात हलवत होत्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. सध्या चढउतार बंद. एका रविवारी मी जपूनच विचारलं, "मावशी, गाडी थोडी खाली आणू या का?" त्यांनी खिडकीचा पडदा बाजूला सारून दारातल्या गाडीकडे एकदा बघून घेतलं.

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "गुडघे माझे बिघडलेत, तिचे नाहीत."

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जातो. बॅटरी उतरू नये म्हणून गाडी थोडा वेळ सुरू ठेवायची असते. मावशी वॉकर बाजूला सरकवून पोर्चमधल्या खुर्चीत बसतात. इंजिन घरघरायला लागलं की डोळे मिटून घेतात. परवा बराच वेळ झाला म्हणून मी गाडीच्या खिडकीतून विचारलं, "बंद करू?"

"थांबा हो," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "आत्ता कुठे हायवेला लागलेय."

मी सीटवर टेकून बसलो आणि गाडी चालू ठेवली.